काटा मधेच हाय

"मधेच हाय," झुंबर गाडीच्या आतून तिसऱ्यांदा म्हणाली, आणि तिचं बोलणं पुरतं संपायच्या आत रेडिएटरशेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण उडालं आणि उकळतं हिरवट पाणी पुंजारामच्या मनगटावर आलं. तो मागे सरकला, बोनेटच्या कडेवर डोकं आपटलं, "बंद कर! चावी फिरव!" म्हणून ओरडला. बायकोने लगेच चावी फिरवली. इंजिन थांबलं तरी आत कुठेतरी पाणी खदखदत राहिलं आणि वाफेचा पांढरा झोत पोर्चच्या पत्र्याला लागून विरत गेला. एप्रिलमधली सकाळ, दहा वाजून गेलेले, हिरावाडीतल्या त्या गल्लीत ऊन भिंतींवर चढून बसलेलं. मनगट नळाखाली धरायचं सोडून पुंजाराम तरातरा खिडकीशी गेला. हात आत घालून त्याने चावी पुन्हा अर्धी फिरवली, इंजिन चालू होऊ न देता. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, आणि तापमानाचा काटा तळातून उठून मधली रेघ ओलांडून सावकाश लाल पट्ट्यात जाऊन टेकला. "बघ," तो म्हणाला, "कुठे आहे काटा?" झुंबरने बघितलं. "उठला," ती म्हणाली, "आणि मधे थांबला. मघापासून मधेच हाय, म्हणून तर सांगतेय." ती सरळ काट्याकडे बघत होती. पाठ केलेली कविता म्हणून दाखवणाऱ्या मुलीसारखा तिचा चेहरा स्वच्छ होता. पुंजारामने पुन्हा काट्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा काट्याकडे. आणि भाजलेलं मनगट एकाएकी झोंबायला लागलं.

इंजिन थंड व्हायला तास तरी लागणार होता. तोवर हात लावायची सोय नव्हती. झुंबर आत गेली, त्याच्या मनगटावर लावायला कोरफडीचं पातं कापून घेऊन आली, आणि ते चोळून पुन्हा आत कामाला लागली. पुंजाराम पायरीवर बसून राहिला. गेले अकरा दिवस तो या पंख्याच्या मागे होता. आडगाव नाक्याच्या सिग्नलला गाडी तापून उभी राहिली होती, मागे ट्रकांचे भोंगे, आणि शेजारच्या सीटवर झुंबर गप्प. गाडी बावीस वर्षांची. चालत असली की वाऱ्याने पाणी थंड राहायचं, उभी राहिली की सगळा भार रेडिएटरमागच्या विजेच्या पंख्यावर, आणि पंखा कधी लागायचा, कधी नाही, कधी लागूनही गाडी तापायची. द्वारका चौकाजवळच्या मुस्तकीमने, गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या पोरगेल्याशा कारागिराने, दोनदा बघितलं होतं. फ्यूज बदलला, पंख्याला वीज जोडणारी रिले बदलली, सेन्सर बदलला. पंख्याला सरळ बॅटरीवरून तार दिली की तो झोकात फिरायचा. "मोटर तो एकदम चांगली आहे काका," मुस्तकीम म्हणाला होता, "वायरिंगमध्येच काही आहे. पण सांगू का, आता गाडीच द्या काढून." त्या बोलण्याने पुंजारामच्या आत काहीतरी दुखावलं होतं. ओझरच्या विमान कारखान्यात त्याने चौतीस वर्षं वायरिंगची तपासणी केली होती. उघड्या पडलेल्या विमानाच्या पोटात हजारो तारांच्या जुड्या, प्रत्येकीला नंबर, आणि त्याची सही झाल्याशिवाय वरचा पत्रा बसायचा नाही. त्याची नजर कारखान्यात नावाजलेली होती. हातभर लांबून तो तारेवरची चीर दाखवायचा. तो माणूस रेडिएटरच्या एका पंख्यापुढे अकरा दिवस हरत होता आणि रात्री कूस बदलताना मनातल्या मनात त्याच चार तारा पुन्हा पुन्हा तपासत होता.

पण आता पायरीवर बसून तो पंख्याचा विचार करत नव्हता. 'उठला आणि मधे थांबला.' ही बाई खोटं बोलत नव्हती. मग तिला दिसला तो काटा कोणता? आणि ज्याची कधी आठवण ठेवली नव्हती असं काय काय त्याच्या डोळ्यांपुढे यायला लागलं. झुंबर चहा ओतताना कपाकडे बघत नाही, मान किंचित कलती करते. कितीतरी दिवस तो हे समोर बसून बघत आला होता आणि सवयीच्या हाताचं कौतुक करत होता. पंचवटीत बाजाराला गेलं की रस्ता ओलांडताना ती त्याच्या सदऱ्याची बाही धरते. इतक्या वर्षांनी ही जवळीक, म्हणून तो मनात सुखावला होता, मित्रांपुढे एकदा बोललाही होता. दारातली रांगोळी बंद झाली ती तिच्या गुडघ्यांमुळे, असं त्यानेच ठरवलं. तांदूळ निवडताना ती ताट उजेडाकडे धरत नाही, बोटांनी पसरते. पुण्याच्या लेकीने, हर्षालीने, पाठवलेले नातवाचे फोटो ती फोन हातात न घेताच "छान आलेत" म्हणते. एकेक गोष्ट सुटी होती तोवर काहीच नव्हती. आता त्या सगळ्या एका जुडीत येऊन बसल्या आणि त्या जुडीवर नंबर नव्हता, कोणाची सहीही नव्हती. तो उठला. आत गेला.

झुंबर ओट्यापाशी उभी होती. गॅसवर दूध होतं आणि ती पाठमोरी कणीक मळत होती. पुंजारामने काही बोलायच्या आधीच तिने मागे न बघता हात लांबवून गॅस बंद केला. दूध काठापर्यंत येऊन तिथेच बसलं.

"तुला कसं कळलं?" त्याने विचारलं.

"काय?"

"दूध वर आलेलं."

"ते वर यायच्या आधी गप्प होतं ना," झुंबर म्हणाली. "आधी सूं सूं करतं, मग जरा वेळ गप्प. मग उतू."

त्याने दोन बोटं तिच्या चेहऱ्याच्या बाजूला, जरा वरच्या अंगाला धरली. "किती?"

"हा काय पोरखेळ लावलाय?"

"किती बोटं?"

ती चिडली. मान वळवली, बोटं बघितली. "दोन. आंधळी हाय का मी?" मग तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलं आणि ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "एक कोपरा नसतो कधी कधी. वाटलं, वय झालं. तुम्हाला सांगणार होते दिवाळीत. मग तुमचं गुडघ्याचं निघालं, मग ही गाडी." कणकेने भरलेले हात तिने पुढे तसेच धरले होते. "काळं काही दिसत नाय हो. काळं दिसलं असतं तर सांगितलंच असतं. सगळं दिसतंय असंच वाटतं. नंतर पायाला ठेच लागली की कळतं, इथे पायरी होती."

उद्या सकाळीच डॉक्टरकडे जायचं, एवढं पुंजाराम म्हणाला. "गाडी कुठं चालतेय," झुंबर म्हणाली. रिक्षा करू, असं तो म्हणणार होता, तेवढ्यात तिने हात धुतले आणि पदराला पुसत ती अगदी साध्या सुरात म्हणाली, "तुमचा तो पंखा काय फिरत नाय. तो रडतो."

"फिरत होता. मी समोरच उभा होतो."

"फिरत असंल. पण अर्ध्या जिवाने. आज लागला तोच मुळात मेल्यासारखा लागला. आधी त्याचा आवाज कसा यायचा, घरात पाहुणा आल्यासारखा. आणि आपण गल्लीत वळताना तुम्ही उजवा सिग्नल देता ना, टिक टिक करणारा, त्याच्याबरोबर त्याचा आवाज पण खाली जातो. टिक झालं की खाली, टिक झालं की खाली. संक्रांतीपासून चाललंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला ऐकू येत असंल असं वाटलं," झुंबर म्हणाली. "गाडी तुमची."

पुंजाराम ओट्याला टेकून उभा राहिला. पात्यांचा नुसता धूसर गोल दिसला की पंखा फिरतोय, एवढंच त्याच्या नजरेला माहीत होतं. पूर्ण जोरात फिरला काय, निम्म्या जोरात फिरला काय, डोळ्यांना गोल तोच दिसतो. अकरा दिवस तो त्या गोलाकडे बघत होता. आणि टिक झालं की खाली! सिग्नलच्या दिव्याचा आणि पंख्याचा काय संबंध? जाणारी तार वेगळी, फ्यूज वेगळा. एकाच ठिकाणी ते दोघं भेटत असणार, ते परत येताना. वीज नुसती जाऊन भागत नाही, तिला बॅटरीकडे परत यावं लागतं, आणि परतीची वाट म्हणजे गाडीच्या पत्र्याला घट्ट केलेला एखादा बोल्ट. अर्थिंग. ते त्याने पहिल्याच दिवशी मीटर लावून तपासलं होतं, मीटरने टूं असा आवाज दिला होता आणि तो पुढे गेला होता. पण मीटर सोडतो तो करंट मुंगीएवढा. मुंगी कुठूनही जाते. पंख्याएवढं ओझं त्या वाटेवरून जातं का, हे त्याने बघितलंच नव्हतं. हीच चूक नव्या पोरांनी केली की तो त्यांना सगळ्यांसमोर झापायचा.

तासाभराने बाटलीत पाणी भरून त्याने गाडी चालू केली. या वेळी तो स्वतः अधूनमधून काटा बघत होता आणि झुंबर बोनेटसमोर उभी होती, हात मागे बांधून, डोळे मिटून. गल्लीतून भाजीवाल्याची हातगाडी गेली, मग एक मोटारसायकल. काटा मधल्या रेघेच्या जरा वर गेला तशी रिले कटकन वाजली आणि पंखा फिरायला लागला. पुंजारामने मीटरची एक पिन पंख्याच्या काळ्या तारेला लावली आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला. सगळं ठीक असतं तर आकडा शून्याला चिकटून राहायला हवा होता. तिथे पाच दिसत होते. बारा व्होल्टांमधले पाच त्या परतीच्या वाटेवर कुठेतरी अडून बसले होते. मीटर बॅटरीवर उभा करून तो वाकून आत गेला आणि त्याने उजवा सिग्नल लावला. "खाली," झुंबर म्हणाली. "वर. खाली. वर. खाली." तो परत येऊन मीटरपुढे उभा राहिला. ती डोळे मिटून बोलत होती आणि तिच्या तोंडून 'खाली' निघालं की मीटरवर पाचाचे पावणेसहा होत होते, 'वर' म्हटलं की पुन्हा पाच. एकदाही चुकलं नाही. आकडा आधी बदलत होता की तिचा शब्द आधी येत होता, हे त्याला ठरवता येईना. ओझरला दुरुस्त झालेलं विमान पहिल्यांदा धावपट्टीवरून उठायचं तेव्हा बाहेर उभी असलेली माणसं बोलायची थांबत, कोणी सांगितलेलं नसताना. तसा तो उभा राहिला. या बाईशेजारी त्याने बेचाळीस वर्षं झोप काढली होती. तिने कधी मीटर हातात धरला नव्हता, कळवणकडच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली होती, आणि पत्र्याआडच्या, कोणाच्याही डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रवाहाचं चढणं-उतरणं ती संक्रांतीपासून रोज ऐकत आली होती, शेजारच्या सीटवर बसून, पिशवी मांडीवर घेऊन. "बास का?" तिने डोळे न उघडता विचारलं. "अजून जरा," तो म्हणाला. त्याला ते थांबायला नको होतं.

बोल्ट उजव्या हेडलाइटच्या मागे होता. वरून रंग शाबूत, दिसायला ठणठणीत. पान्याने फिरवला तसा करकरला, आणि खालून पांढुरक्या हिरव्या भुकटीचा चिमूटभर सडा पडला. त्याखाली तीन काळ्या तारा एकत्र येत होत्या. पंख्याची, दिव्याची आणि सिग्नलची. एवढ्याशा, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत सगळं अडलं होतं. पुंजारामने पॉलिश पेपर घेतला आणि तारांची टोकं, बोल्ट, खालचा पत्रा, सगळं चकाकेपर्यंत घासलं. घासताना त्याचं लक्ष पुन्हा पुन्हा तिच्याकडे जात होतं. ती पायरीवर बसून शेंगा सोलत होती, टरफलं बाजूला, दाणे ताटात, आणि त्यातला एकही दाणा बाहेर पडत नव्हता. "अजून काय काय ऐकू येतं तुला?" त्याने विचारलं. "काय म्हणजे?" झुंबर हसली. "सगळंच येतं. नळाला पाणी यायच्या आधी पाइपात हवा बोलते. शेजारच्या उज्वलाताईंचं फाटक उघडलं की घाईत हायत का निवांत ते कळतं. तुम्ही वर्तमानपत्र वाचताना पान उलटायच्या आधी श्वास घेता. कपात चहा काठाला आला की त्याचा आवाज बारीक होतो." बोलता बोलता ती थांबली. "आधी नव्हतं एवढं," ती म्हणाली. "का वाढलं, ते काय मला ठाऊक नाय." हातातली शेंग तिने फोडली नाही. पुंजारामने बोल्ट घट्ट केला, त्यावर ग्रीसचं बोट फिरवलं, आणि गाडी चालू केली. या वेळी रिले वाजली आणि पंखा असा काही उसळून लागला की गाडीखालची वाळकी पानं भिरभिरत पार फाटकापर्यंत गेली. मीटरवर शून्य. सिग्नल लावला, तरी शून्य. काटा मधल्या रेघेवरून एक केसभर खाली आला. "हां," पायरीवरून झुंबर म्हणाली. "असा होता आधी." अकरा दिवसांनी आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या आनंदाच्या पोटात एक भली मोठी, शांत भीती होती, देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा एकटं शिरलेल्या पोराला वाटते तशी.

दुसऱ्या दिवशी ते त्याच गाडीने गंगापूर रोडवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी थेंब घातले, यंत्रातून बघितलं, दाब मोजला. मग त्यांनी दोघांना समोर बसवलं. डोळ्यातला दाब फार वाढलाय, म्हणाल्या, आतली नस वाळत चाललीय, वर्षं झाली असणार. पुंजारामने काट्याची गोष्ट सांगितली. त्या जराशा पुढे झुकल्या. "त्या खरंच बोलत होत्या," त्या म्हणाल्या. "जिथलं दिसणं गेलंय तिथे माणसाला काळोख दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं घेऊन ती जागा भरून काढतो. काटा नेहमी मधे असायचा, म्हणून त्यांना मधे दिसला." पुंजारामने झुंबरकडे बघितलं. म्हणजे घर, गल्ली, आपला चेहरा, यातलं किती हिने बघितलं होतं आणि किती भरून काढलं होतं? "गेलेलं परत येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उरलेलं राखता येतं. पण नेमकं किती उरलंय ते कळायला हवं. त्यावर सगळे उपचार ठरतील. म्हणून पुढची तपासणी अगदी खरी द्यायची, आजी. चांगलं दाखवायचा प्रयत्न करायचा नाही."

तपासणीची खोली लहान आणि अंधारी होती. कौसर नावाच्या मुलीने झुंबरला एका पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रापुढे बसवलं, एक डोळा पट्टीने झाकला, हनुवटी टेकवायला लावली, हातात बटण दिलं. पुंजाराम पडद्याबाहेरच्या स्टुलावर बसला. "मावशी, समोरच्या पिवळ्या ठिपक्याकडेच बघायचं," कौसर सांगत होती. "आजूबाजूला कुठेही बारीकसा उजेड चमकला की बटण दाबायचं. नाही दिसला तर नाही दाबायचं."

"यंत्र वाजतंय ते?" झुंबरने विचारलं.

"कुठे वाजतंय?" कौसरने क्षणभर कान दिला. "हां, ते उजेड सोडताना जरासं खट होतं. त्याकडे लक्ष नका देऊ. कोणी कोणी त्या आवाजावरच दाबतात, मग रिपोर्ट चुकतो."

"बरं," झुंबर म्हणाली.

पडद्याबाहेर ते जेमतेम ऐकू येत होतं. पुंजारामने श्वास धरला तेव्हा आलं. खट, आणि लगेच बटणाचा टिक. खट, टिक. खट, टिक. त्याला बरं वाटलं, वाटलं की डॉक्टरबाई उगाच घाबरवतात. मग खट झालं आणि पुढे काही झालं नाही. पुन्हा खट. पुन्हा काही नाही. आत कुठेतरी एक दिवा लागून विझला होता आणि तिच्यासाठी तो लागलाच नव्हता. खट. खट. तो मोजायला लागला आणि सातावर थांबला. मग एक टिक आला, मग पुन्हा नुसते खट, एकामागून एक, आणि प्रत्येकामागे ती मोकळी जागा. इथे बसून त्याला तिचा सगळा अंधार ऐकू येत होता, त्याचा आकार, त्याच्या कडा. एवढ्याशा उरलेल्या उजेडात तिने पोळ्या केल्या होत्या, रस्ते ओलांडले होते, काल त्याच्या मनगटावर कोरफड लावली होती. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, आणि तो स्टुलावर ताठ झाला. तिला प्रत्येक खट ऐकू येत होता. त्याच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट, कौसरच्या कानावर तो आवाज पडण्याच्याही आधीपासून. मनात आणलं असतं तर तिने एकही चुकवला नसता. बोटाखाली बटण होतं. नुसतं दाबायचं होतं, आणि ती सगळ्यांसाठी, स्वतःसाठीही, धडधाकट डोळ्यांची ठरली असती.

खट.

झुंबर ऐकत होती आणि दाबत नव्हती. पुंजारामने गुडघ्यांवर हात ठेवले आणि तोही, तिच्याबरोबर, पुढचा आवाज ऐकायला लागला.